मी, रानडुकराला जेवू घालणारा खेळ

मित्रांनो, मी एक खेळ आहे. तुम्ही मोबाइलवर खेळता तसलाच. 'जुना' म्हणवून घ्यावं इतकं काही माझं वय नाही; पण मधे काही महिने मला 'जुनं' नावाच्या फोल्डरात टाकून ठेवलं होतं, तेव्हा त्या शब्दावर माझाही थोडा हक्क आहेच.

माझं नाव 'पल्याडची वाट'. माझ्यात रंगी नावाची एक मुलगी आहे. गावचा नाला आटला, त्याचं पाणी गेलं कुठं, हे शोधायला ती निघाली आहे. ती खडकांवरून उड्या मारते, हातातल्या पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडाच्या, काठीनं भुतांशी आणि जनावरांशी लढते, आणि पुढं जाता जाता शहाणी होते. आधी तिला साधी उडी येते, मग लांब उडी, मग वडाच्या पारंब्यांना धरून झोके घेणं. दमली की ती दगडावर बसते, फडक्यात बांधलेली भाकर सोडते आणि जेवते. जेवली की गेलेली ताकद परत येते. खेळांमध्ये ताकद परत आणायला जादूच्या बाटल्या असतात म्हणे. माझ्यात भाकर आहे. ज्यांनी मला घडवलं, त्यांना भाकर जास्त ओळखीची होती.

माझा जन्म पुसदचा. मोनाली तिथं एका फ्लेक्सच्या दुकानात काम करते. वाढदिवसाच्या फलकांवर थोरामोठ्यांच्या गालांवरचे डाग पुसायचे, हनुवटीखालची घडी कमी करायची, हे तिचं पोटापाण्याचं काम. दिवसभर लोकांना होते त्याहून देखणं करून ती घरी यायची आणि चहा झाला की कागद घेऊन मला काढायला बसायची. मित्रांनो, रंगीचं एक पाऊल पुढं पडायचं तर चित्रांचा एक गठ्ठा लागतो. प्रत्येक चित्र आधीच्यापेक्षा केसभर वेगळं. अशी तीन वर्षं मोनालीनं माझ्यात घातली.

चित्रांना चालायला शिकवलं संघदीपनं. तो मोनालीचा मावसभाऊ. संगणकाला समजेल अशा भाषेत तो लिहायचा, की हे बटण दाबलं तर उडी, ते दाबलं तर काठी. त्याच्यात खोट एकच: चूक दिसली की त्याला घास गिळत नाही. मोनालीची खोट उलटी: तिला चूक दिसतच नाही, फक्त चित्र दिसतं. दोघं मिळून एक शहाणं माणूस व्हायचं, म्हणून मी झालो.

आता मला एक सवय आहे, ती आधीच सांगून टाकतो. माझ्याशी खेळणाऱ्या प्रत्येकाची जमा आणि बाकी मी मनातल्या मनात मांडत असतो. अंगठ्यावरून मला माणूस कळतो. कोणी रंगीला कड्याच्या टोकावर उभी करून फोनवर गप्पा मारायला जातो. कोणी हरला की मोबाइल तपासतो. आणि समोर कोण आहे हे पाहण्याआधीच काठी मारणारे तर सगळ्यात जास्त.

माझ्यात एक चूक राहून गेली होती. भाकर सोडली की खाली बसायचं, असं संघदीपनं लिहिलं. पण कोणी बसायचं ते लिहायला विसरला. त्यामुळं डोंगराच्या पायथ्याशी वाट अडवून उभं असलेलं रानडुक्कर, रंगी जेवायला बसली की आपलेही पुढचे पाय दुमडून खाली बसायचं. ते चित्र खरं तर मार खाऊन कोसळतानाचं. दिसायचं मात्र पंगतीला बसल्यासारखं. आणि एकदा बसलं की ते परत उठायचं नाही. रंगी खुशाल पुढं निघून जायची.

मी या अवस्थेत असताना मोनालीनं मला आईच्या फोनवर चढवलं होतं, सहज, चालतो का ते पाहायला. संघदीपला चूक दिसली ती नंतर.

"मोनाताई, हे डुक्कर काहून बसून राह्यलं?"

"भूक लागली असन त्याले," मोनाली म्हणाली.

"हसू नको. लढाईत दुश्मन बसते काय कधी? कॉलेजात दाखवाचं हाय आपल्याले. पोट्टे आपल्यालेच हसतीन."

त्यानं मला नीट केलं. आता रंगी जेवायला बसली की डुक्कर धावून येऊन तिला धडक द्यायचं. नियमात बसणारं, बिनचूक डुक्कर.

कॉलेजात खेळांचं प्रदर्शन होतं, आणि त्या दिवसावर सगळं टांगलेलं होतं. संघदीपला पुण्यात नोकरी मिळत होती. त्यानं बहिणीला स्पष्टच सांगितलं होतं, "कॉलेजात लोकायले आवडलं तं आपन खेळ पुरा करू. नाही आवडलं तं मी जातो, अन् हे बंद." डुकराच्या पलीकडं मोनालीनं पळसाचा एक डोंगर काढून ठेवला होता, फुलांनी पेटलेला. एका माणसानं तरी तो पाहावा, एवढीच तिची इच्छा होती. संघदीपशिवाय, अर्थात. संघदीप त्या डोंगरात पळस नाही, चुकाच शोधायचा.

सभागृहात मुलं आली, रांग लागली, खेळली. आणि सगळी डुकरापाशी अडकली. ताकद संपली की भाकर सोडावी लागे, आणि भाकर सोडली की धडक.

"भाऊ, जेवतानाबी मारते का हे डुक्कर?"

"रंगीले सांगा ना, डबा घेऊन घरीच बस म्हणा."

दुपारपर्यंत रांग सरली. शेजारच्या टेबलावर मोटारींच्या शर्यतीचा खेळ होता, तिकडं गर्दी झाली. मोनालीनं तारा गुंडाळल्या. पळसाचा डोंगर कोणीच पाहिला नाही. संध्याकाळी संघदीपनं मला त्या 'जुनं' फोल्डरात टाकलं, आणि मोनालीनं चित्रांचे गठ्ठे शाईच्या रिकाम्या खोक्यात भरून पलंगाखाली सरकवले. मी म्हटलं, झालं, आपली जमा इथंच संपली.

पण मित्रांनो, खेळाचं एक बरं असतं. तो एकाच वेळी दोन ठिकाणी राहू शकतो. दुरुस्त केलेला मी अंधारात पडलो होतो, आणि चुकलेला मी कांताबाईच्या फोनवर मजेत होतो. कांताबाई म्हणजे मोनालीची आई. तिच्या फोनवर नव्या मला येण्यासाठी जागाच नव्हती. सगळी जागा सकाळच्या शुभेच्छांनी, फुलांनी आणि भीमगीतांनी भरलेली. त्यातलं एकही फूल पुसायला ती तयार नव्हती.

कांताबाई कापूस वेचायला सदाशिवरावांच्या शेतात जायची. दुपारी बाया बाभळीखाली भाकरी सोडायच्या, जेवणं व्हायची, आणि मग कांताबाई मला उघडायची. खेळाडू म्हणून सांगायचं तर ती अगदीच बेताची. बोंडांची टोकं लागून तिच्या अंगठ्याला चिरा पडलेल्या. काचेला तो अंगठा लवकर कळायचाच नाही. काठीचं बटण दाबेपर्यंत भूत येऊन मारून जायचं. भाकरीचं बटण मात्र मोठं होतं आणि दाबून धरायचं होतं. ते तिला जमायचं. म्हणून जो भेटेल त्याच्यासमोर ती भाकर सोडायची.

सदाशिवरावांच्या पत्नी विमलताई वेचणीवर देखरेख करायला यायच्या. त्यांचा स्टीलचा डबा थोडा बाजूला, धुऱ्यावर म्हणजे शेताच्या बांधावर उघडायचा. तो तिथंच का उघडतो, हे कोणी विचारत नसे. वर्षानुवर्षं उघडतो म्हणून उघडायचा. पण एके दिवशी फोनचा आवाज ऐकून त्या उठून आल्या आणि कांताबाईच्या खांद्यावरून डोकावल्या.

"कांता, डुक्कर हाय काय ते?"

"हाव ताई."

"त्यानं माही अर्धी तूर खाल्ली यंदा. अन् तू त्याले भाकर चारून राह्यली?"

"तुमचं वालं नाही ते. हे फोनातलं हाय. गरीब हाय."

"एकही डुक्कर गरीब नसते," विमलताई म्हणाल्या. पण पुढं काय होतं ते पाहायला खाली बसल्या. बसताना त्यांनी डबाही सोबत आणला होता.

रविवारी दुकानाला सुट्टी, म्हणून मोनाली आईला हातभार लावायला शेतात आली. बाया जेवून बसल्या होत्या, सगळ्यांची डोकी एका फोनवर वाकलेली. तिनं डोकावून पाहिलं, आणि ती उभीच राहिली. काचेवर तिचा पळसाचा डोंगर होता. रंगी एका फांदीखाली बसली होती आणि कांताबाई तिला कुठंही हलवत नव्हती.

"आई, तू इथवर कशी पोचली?"

"चालत. आनखी कशी?"

"अन् डुक्कर?"

"त्याले जेवू घातलं. मंग मी इथं येतो रोज. बरं वाटते इथं." कांताबाईनं वर पाहिलं. "ह्या फुलायचा रंग मस्त काढला वं तू. सांगाचं राहूनच गेलतं."

मोनाली चार पावलं बाजूला गेली, ओढणीनं तोंड पुसलं आणि संघदीपला फोन लावला.

संघदीप गाडीवरून आला तो कपाळाला आठ्या घालूनच. पुण्याची बॅग भरायची ठेवून आला होता. त्यानं फोन हातात घेतला, खेळ पहिल्यापासून सुरू केला, आणि डुक्कर दिसताच सवयीनं काठी हाणली.

"अरे थांब ना बाप्पा," एक बाई म्हणाली. "जेवू तं दे त्याले."

"माराले काय झालं? मारू दे की दोन," विमलताई म्हणाल्या.

संघदीपनं भाकर सोडली. डुक्कर पाय दुमडून बसलं. बाया समाधानानं मागं टेकल्या. तो बराच वेळ त्या चित्राकडं पाहत राहिला. त्याच्या अंगठ्याचं वजन मला कळत होतं. आधी चूक शोधणारा अंगठा होता, मग नुसता ठेवलेला.

"मावशी, हे चुकीचं हाय. त्यानं बसाले नको होतं."

"मंग कायले बसलं?"

"मी लिहितानी चुकलो."

"चांगला चुकला," कांताबाई म्हणाली. "आता सुधरू नको."

मित्रांनो, चूक दुरुस्त करणं सोपं असतं. गेलेली चूक परत आणणं किती कठीण, ते मी त्या आठवड्यात पाहिलं. संघदीपनं जुनं लिखाण पुसून वर नवं लिहिलं होतं. आता त्याला तेच मुद्दाम, नीट विचार करून लिहावं लागलं. आणि मोनाली म्हणाली, मुद्दामच बसवायचं तर कोसळतानाचं चित्र चालणार नाही. त्याला खरं जेवता आलं पाहिजे. पलंगाखालचं खोकं बाहेर आलं. ती विमलताईंकडं गेली, डुक्कर कसं खातं ते विचारायला. विमलताईंइतकं बारकाईनं आणि इतक्या रागानं ते कोणीच पाहिलेलं नव्हतं. त्यांनी अंगणात बसून नक्कल करून दाखवली.

संघदीप पुण्याला गेला. नोकरी धरली, ती सोडावी असं मीही म्हणणार नाही. पण जाताना त्यानं मला 'जुनं'मधून काढून सोबत नेलं. रविवारी तो लिहायचा, मोनाली इथून चित्रं पाठवायची, आणि उन्हाळ्यात मी सगळ्यांसाठी खुला झालो. फार मोठा झालो असं नाही. पण ढाणकीहून कोणी लिहितं, मारेगावहून कोणी लिहितं, आणि पळसाचा डोंगर आता पुष्कळांनी पाहिला आहे. नव्या मला जागा हवी म्हणून कांताबाईनं शेवटी काही फुलं पुसली. विमलताईंनीही मला आपल्या फोनवर घेतलं. त्या आधी डुकराला पाच-सहा काठ्या मोजून हाणतात, तुरीच्या नावानं. मग भाकर सोडतात. यंदाच्या वेचणीतही त्यांचा डबा बाभळीखालीच उघडतो. त्याबद्दल कोणी बोलत नाही. मीही बोललो नसतो, पण जमा-बाकी मांडायची माझी सवय तुम्हाला माहीत आहे.

सध्या मोनाली नाल्यातल्या भुताचा घास काढते आहे. भूत भाकर खातं की भात, यावरून बहीण-भावाचं फोनवर वाजलं आहे. संघदीप म्हणतो, भूत मुळात नसतंच. मोनाली म्हणते, नसलं तरी उपाशी कायले ठेवाचं.

म्हणून मित्रांनो, एवढंच सांगणं आहे. हातानं घडवलेलं काही तुमच्यापुढं आलं, आणि ते जरा वाकडं, अडखळत चाललं, तर लगेच पुसून टाकू नका. ते कोणाच्या तरी संध्याकाळींचं बनलेलं असतं. थोडं त्याच्यासोबत बसून पाहा. आणि माझ्याकडं आलात, की वाट अडवून उभ्या असलेल्या त्या दांडग्यासमोर आधी फडकं सोडा. तो बसतो. मी त्याला रोज बसताना पाहतो.