बिब्याचा चटका

आंधळगावात भातलावणीचा रोवणा लागला की चंद्रभागाबाईशिवाय चिखलाच्या बांधीत बायांची ओळ धड उभी राहत नसे. गाणं तिचं, थट्टा तिची, आणि मागे रेंगाळणारीला टोमणाही तिचाच. तिचा नवरा तुलाराम शेताच्या कडेला धुऱ्यावर बसून ऐकायचा. बायकोचं कौतुक तोंडाने करणाऱ्यातला तो नव्हता, पण बिडी विझली तरी त्याला कळत नसे.

तिला साखरेचा आजार होता. पाय रोज धुवा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करा, तळवे बघा, अनवाणी फिरू नका, असं नर्सबाईंनी बजावलं होतं. यावर साऱ्या बाया हसल्या होत्या. चिखलात चपला घालून रोवणा कोण करतं?

त्या वर्षी तिची टाच भेगाळली. गावात भेगेला औषध एकच. बिबा सुईला टोचून दिव्यावर धरायचा आणि तेलाचा थेंब भेगेत सोडायचा. असा चटका बसतो की धट्टाकट्टा गडीही बोंब ठोकतो. म्हणून लेकीने, चंदाने, आईचा पाय घट्ट धरला. तुलारामने थेंब सोडला. चंद्रभागाबाई सुपातले तांदूळ निवडत होती.

"टाकला काय जी?" तिने विचारलं.

"लागलं नाही काय वो?"

"काहीच नाही."

तुलारामची छाती फुगली. त्याने आणखी दोन थेंब सोडले आणि पानठेल्यावर जाऊन सांगितलं, "आमची बाई बिब्याले बी भीत नाही."

टाचेला फोड आला, मग ती काळी पडली. चंद्रभागाबाई पायाला प्लास्टिकची पन्नी बांधून रोवण्याला जात राहिली. चंदा मागे लागली, तर म्हणाली, "दुखतच नाही, तं दवाखान्यात कायले जा लागते?" तुलारामलाही ते पटलं. ताप चढून ती बांधीतच कोसळली, तेव्हा तिला तुमसरला नेलं आणि तिथून भंडाऱ्याला. डॉक्टर म्हणाले, साखरेने पाय बधिर झाला होता; चटका कळला नाही, तेव्हाच आणायला हवं होतं. पाय गुडघ्याखालून गेला. तुलाराम दवाखान्याच्या पायरीवर बसून पोरासारखा रडला.

यंदा रोवणा लागला. चंद्रभागाबाई अंगणात, शेताकडे पाठ करून बसते. रोज सांजेला तुलाराम कोमट पाणी आधी स्वतःच्या हातावर घेऊन बघतो, उरलेला पाय धुतो, बेचक्या पुसतो. मग ती डोळे मिटते, तो एकेका बोटाला हात लावतो आणि लागला का ते तिने सांगायचं. दवाखान्यात चंदाला तसं शिकवलं होतं.

"अंगठा?"

"लागला."

तेवढ्यात बांधीतून गाणं आलं. तिचंच गाणं, दुसरीच्या गळ्यातून. तुलारामचा हात हवेतच थांबला. "करंगळी?" तो सवयीने म्हणाला.

"लागली."

तो हवेतच राहिलेल्या आपल्या हाताकडे बघत राहिला. मग त्याने करंगळी चिमटीत धरली, चांगली दाबली. चंद्रभागाबाईचा चेहरा हलला नाही.

"कधीपासून वो?"

तिने डोळे उघडले. त्याच्या चिमटीतलं बोट बघितलं आणि पदर तोंडाशी नेला. "हा बी कापतील जी ते," ती म्हणाली.

तुलारामने पाय मांडीवर घेतला, कोरडा पुसला, आणि चंदाला हाक मारून सकाळच्या गाडीने निघायची तयारी करायला सांगितली.

"पण दुखून नाही राहिलं," चंद्रभागाबाई कळवळून म्हणाली.

"म्हणूनच," तुलाराम म्हणाला.