निळ्या डोक्याच्या केबलवरची पट्टी

मित्रांनो, मी एक जुनी केबल आहे. कॉम्प्युटरमधलं चित्र पडद्यापर्यंत नेऊन पोहोचवायचं, एवढंच माझं काम. जाणकार मला व्हीजीए म्हणतात. माझी दोन्ही डोकी निळी, प्रत्येकात तीन रांगांत मिळून पंधरा पिना आणि दोन्ही बाजूंना एकेक स्क्रू. दिसायला मी काही देखणी नाही, पण एकदा स्क्रू आवळले की कुणाचा पाय अडकला तरी मी जागा सोडत नाही.

मी आले ती कर्वेनगरातल्या गोपाळकृष्णकाकांच्या घरी. काका पोस्टातून निवृत्त झालेले. त्यांना पट्ट्या चिकटवायचा भारी सोस. साखरेच्या डब्यावर ‘साखर’ आणि त्याखाली ‘बेताने’. दाराच्या घंटीखाली ‘एकदा वाजवली तरी ऐकू येते’. माझ्यावरही पहिल्याच दिवशी पट्टी आली : ‘पडद्याची केबल. ओढू नये.’

कॉम्प्युटर मात्र त्यांच्या पत्नीचा, मंदाकिनीबाईंचा. बाई सदाशिव पेठेतल्या शाळेत शिकवत. शाळा सुटली की तांबट आळीत जाऊन बसत आणि तांब्याची भांडी ठोकणाऱ्या कारागिरांकडून त्यांचे शब्द टिपून घेत. हातोड्यांच्या जातींची नावं, ठोक्यांची नावं, भांड्याच्या प्रत्येक वळणाचं नाव. मठारणं, म्हणजे घडवलेल्या भांड्यावर हातोडीचे बारीक ठोके देणं, नेमकं कसं असतं, हे दत्तोबा तांबटांनी त्यांना तीन दुपारी समजावून सांगितलं होतं. आठ वर्षांत अकराशे शब्द जमले. बाई एकेक शब्द टाइप करायच्या आणि तो माझ्यातून पडद्यावर जायचा. ‘आज नऊशे झाले हं,’ असं त्या म्हणत, तेव्हा मलाही अभिमान वाटायचा. टाइप झालेल्या वह्या काकांनी बाईंना विचारून रद्दीत दिल्या. दोन-दोन ठिकाणी कशाला, असं त्यांचं म्हणणं.

मग ती दिवाळी आली. तेरा वर्षं झाली त्याला. साफसफाईत काकांनी सगळ्या वायरी काढल्या, पुसल्या आणि टेबलामागे हात घालून, चष्मा न लावता, चाचपत परत बसवायला घेतल्या. माझं डोकं एका बाजूने रुंद आणि दुसऱ्या बाजूने अरुंद असतं. ते सरळच जावं म्हणून घडवणाऱ्याने तसं केलेलं. काकांनी ते उलटं धरलं आणि जात नाही म्हणून जोर लावला. खालच्या रांगेतली एक पिन आडवी झाली. नंतर त्यांनी मला सरळ बसवलं, स्क्रूही आवळले, पण चित्राची ओळ कुठे सुरू होते हे पडद्याला सांगणारी पिन नेमकी तीच होती. पडदा काळा तो काळाच राहिला.

“मशीन गेलं,” काका म्हणाले.

“अहो, कुणाला तरी दाखवू या ना.”

“मी तपासलंय.”

बाईंनी त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवला. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. मी सगळं पाहत होते आणि मला बोलता येत नव्हतं. कॉम्प्युटर माळ्यावर गेला. माझ्यावर नवी पट्टी आली : ‘निकामी यंत्राची केबल.’

मला टाकलं त्या टेबलाच्या खणात माझ्यासारखे बरेच होते. चपट्या तोंडाची यूएसबी, कीबोर्डपासून प्रिंटरपर्यंत कुणाशीही जमवून घेणारी. पारदर्शक डोक्याची लॅनची केबल, इंटरनेट आणणारी, पण तिची इवलीशी खिट्टी तुटलेली. एक हिरवं आणि एक गुलाबी टोक. हिरवं स्पीकरचं, गुलाबी माइकचं. मागाहून चित्र आणि आवाज दोन्ही एकदम नेणारी एचडीएमआय आली. ती जरा तोऱ्यात असायची. प्रत्येकाच्या डोक्याचा आकार वेगळा, कारण प्रत्येकाची जागा वेगळी. नीट पाहिलं तर चूक होतच नाही.

यंदा बाईंना दत्तोबांचा फोन आला. वय अठ्ठ्याऐंशी, आवाज खोल गेलेला. “बाई, आमचे शब्द छापले का? बाकीचे सगळे गेले. मी तेवढा राहिलोय.” “यंत्र बिघडलं आणि शब्द त्यातच राहिले,” बाईंनी सांगितलं.

त्याच आठवड्यात सोसायटीने जुन्या इलेक्ट्रॉनिक वस्तू गोळा करायचं ठरवलं. माळ्यावरचा कॉम्प्युटर खाली आला, मीही पिशवीत पडले. तेवढ्यात रुपाली आली. ती वाशीमची. वारज्यातल्या एका कंपनीत नोकरी करते आणि काकांच्याच घरी एका खोलीत राहते. तिला लॅपटॉप मोठ्या मॉनिटरला जोडायला केबल हवी होती. पिशवी चाळताना मी तिच्या हाती लागले. तिने माझी पट्टी वाचली आणि मला खिडकीपाशी उजेडात धरलं.

“काका, हिची पिन वाकलीये. मशीन कशावरून गेलं?”

“मी तपासलंय.”

“तेरा वर्षांपूर्वी ना? चला, आज परत बघू.”

खटक्याच्या पेन्सिलीतलं शिसं काढून तिने ते पोकळ टोक माझ्या पिनेवर चढवलं आणि हळूहळू ती सरळ केली. मला भीती वाटत होती. वाकलेली पिन तुटायला कितीसा वेळ लागतो? पण मुलीचा हात शांत होता. तिने एक टोक जुन्या कॉम्प्युटरला लावलं आणि दुसरं तिच्या मॉनिटरला.

पंखा घरघरला. तारीख भलतीच दिसली. आणि मग माझ्यातून पडद्यावर शब्द गेले. अकराशेच्या अकराशे. बाईंनी पडद्यावर बोट ठेवून पहिला शब्द मोठ्याने वाचला.

रुपालीने फाइल लॅपटॉपवर नेली, तर तिथे नुसती चिन्हं उमटली. तो जुन्या काळातला मराठी फाँट, नव्या यंत्राला कळेना. म्हणून आता रोज सकाळी बाई जुन्या यंत्रावरून वाचतात आणि लॅपटॉपवर पुन्हा टाइप करतात. मला रोज काम आहे. दर रविवारी दत्तोबांना फोन जातो. परवा बाईंनी त्यांना सांगितलं, “तीनशे झाले. तब्येत सांभाळा, पहिली प्रत तुमच्या हातात द्यायचीय.”

पाचव्या दिवशी काकांनी माझी पट्टी खरवडून काढली आणि नवी चिकटवली : ‘केबल व यंत्र दोन्ही निर्दोष. मी उलटी खुपसली होती. – गोपाळकृष्ण’.

बाईंनी चष्मा पुढे ओढून ती वाचली. “माफीचा शब्द राहिला वाटतं.”

“पट्टीवर जागा नव्हती,” काका म्हणाले. मग खुर्ची कीबोर्डपाशी ओढून म्हणाले, “तू सांग, मी टाइप करतो. निदान निम्मे तरी.”

मित्रांनो, एखादी वस्तू चालेनाशी झाली तर तिच्यावर ‘निकामी’ लिहिण्याआधी चष्मा लावून, उजेडात धरून एकदा नीट बघा. आणि आत जात नसेल तर जोर लावू नका. कदाचित तुम्हीच तिला उलटं धरलेलं असेल.