बाबाच्या ओट्यापुढे थांबणारा जेसीबी

जेसीबी ओट्यापाशी येऊन बंद पडला आणि शंभरेक माणसांनी एकदम हात जोडले. बंदोबस्तावरच्या आम्हा चार पोलिसांनीही जोडले. त्यात मी होतो, जमादार भगवानराव. खोटं कशाला बोलू?

बाबा केव्हाच वारलेले. मागे राहिला त्यांचा ओटा आणि ओट्यावर बसून पेढे खाणारा शिष्य चारुदत्त. ओट्याने गल्लीचं तोंड अडवलं होतं. गल्लीतल्या शोभाताई शाळेत शिकवत. त्यांचे यजमान नंदकिशोरराव हृदयाचे रोगी, आणि ॲम्ब्युलन्स दारापर्यंत येत नव्हती. म्हणून ताईंनी अर्ज केला. दंडाधिकाऱ्यांनी सार्वजनिक उपद्रव ठरवून ओटा हटवायचा आदेश दिला, तो वरच्या कोर्टातही टिकला. अंमलबजावणी आमच्याकडे आली.

आमच्याकडे कामाआधी मशीनची पूजा होते. ती चारुदत्तने मागून घेतली, आम्हीही होऊ दिली. नारळ फुटला, डिझेलच्या टाकीला हळदकुंकू लागलं. मशीन वीस पावलं चालली अन् थांबली.

"जमादार, मशीनले बी कळते जागा कोनाची हाय," चारुदत्त म्हणाला. "तुमच्या कोर्टालेच कळून नाही राह्यलं."

मग त्याने टाकीपाशी वाकून क्षमापूजा केली, आणि मशीन मुकाट परत गेली. दोनदा असंच झालं. दोन्ही वेळा मी अहवालात 'तांत्रिक अडचण' लिहून हात झटकले.

दुसऱ्या खेपेनंतर नवव्या दिवशी सकाळी नंदकिशोररावांच्या छातीत कळ आली. ॲम्ब्युलन्स ओट्यापलीकडेच अडली. त्यांना खाटेवर घालून बाहेर काढेपर्यंत फार वेळ गेला. यवतमाळच्या वाटेवरच ते गेले.

तिसऱ्या वेळी मी गॅरेजवाल्या निजामुद्दीनभाईंना सोबत नेलं. पूजा झाली, मशीन थांबली. भाईंनी टाकीखाली हात घातला.

"डिझेलचा कॉक बंद केला याने, हळदकुंकू लावता लावता. क्षमापूजेत तोच उघडत असंल," ते म्हणाले. "नळीत हाय तेवढं डिझेल जळते, मंग इंजिन मरते. याले चमत्कार कायले म्हणता?"

कॉक उघडला. ओटा पाऊण तासात निघाला. चारुदत्तला आम्ही गाडीत बसवलं. गर्दी खाली मान घालून पांगली.

शोभाताई दारात उभ्या होत्या. त्यांनी मला एवढंच विचारलं, "पयल्या दिवशीच कोनी वाकून काहून नाही पाहिलं?"

फसवणारा एक होता, पण वर्दी घालून हात जोडणारे आम्ही चार होतो, आणि त्याची मला लाज वाटते. बाबांनो, मशीन बंद पडली तर आधी मेकॅनिकला बोलवा. कोर्टाचा आदेश हातात असेल तर त्याच दिवशी बोलवा. तो आदेश मागणाऱ्याच्या घरी कोणीतरी आजारी असतं.