कालिंदीला नको असलेली सुट्टी

"मेली सव्वीस जानेवारी यंदा रविवारातच पडायची होती!" टाइपरायटरवर वाकून सरला पुटपुटली. "हक्काची सुट्टी गिळून बसली बघ."

शेजारी टेलिफोनच्या बोर्डावर बसलेली कालिंदी नुसती हसली. तिला त्या सव्वीस जानेवारीची दृष्ट काढावीशी वाटत होती. कारण सोमवारी ऑफिस उघडं राहणार होतं, आणि सोमवार हा नेन्यांचा इथला शेवटचा दिवस. त्यांची बदली झाली होती. मंगळवारी ते हावड्याहून नागपूरच्या गाडीत बसणार.

गुरुदत्त नेने हे हिशेबखात्यातले विधुर गृहस्थ. तीन वर्षं दुपारचा डबा तिच्याच टेबलाशी खायचे. त्यांच्या डब्यात पाव आणि केळं, म्हणून तिच्या डब्यात दोघांपुरतं. या संक्रांतीला तिने इथल्या खजुराच्या गुळाच्या पोळ्या केल्या, तेव्हा ते म्हणाले, "नागपुरात हा गूळ कुठला मिळायला!" मग दोघंही गुळाबद्दलच बोलत बसले. चाळिशीला टेकलेल्या बिनलग्नाच्या बाईला आणखी काय सुचणार? ऑफिसला सगळं दिसत होतं, पण कुणी तोंड उघडेल तर शपथ.

शुक्रवारी युनियनची माणसं मॅनेजर मुखर्जीसाहेबांना घेऊनच आली. साहेब हसत म्हणाले, "रविवारात गेलेली सुट्टी सोमवारी देतो. पण सगळ्यांचं एकमत हवं. हात वर करा."

भराभर हात वर गेले. खाली राहिले ते कालिंदीचे आणि नेन्यांचे.

"अगं ए, हात कर ना वर!" सरलाने तिला चिमटा काढला.

"काम तुंबलंय," कालिंदी म्हणाली.

"टेलिफोनचं? बंद ऑफिसात कोण फोन करणार, तुझा सासरा?"

"माझाही हिशेब राहिलाय," नेने स्वतःच्या बुटांना म्हणाले.

सगळं ऑफिस एकदम छताच्या पंख्यांकडे बघू लागलं. जानेवारीत पंखे बंद असतात, पण बघायला काय जातंय?

कालिंदी उठली. नेन्यांशी ती कायम मराठीत, हळू आवाजात बोलायची. आज मात्र पार दाराजवळच्या टेबलालाही कळावं म्हणून स्वच्छ बंगालीत, मोठ्याने म्हणाली,

"साहेब, सोमवारी सुट्टी दिलीत तर मला नेनेबाबू दिसायचे नाहीत. आणि मला ते रोज दिसायला हवेत. नागपुरातसुद्धा."