उंबऱ्यापाशी पाणी

"आलं बगा," चंद्राबाई हळूच म्हणाल्या. "आता तुमीच बगा."

टेबलाखाली डोकं घालून बसलेला लियाकत वायर सोडून वर आला. कॉम्प्युटरचा पडदा निळा झाला होता, त्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं होती. स्पीकरमध्ये बुटांचा आवाज अडकून एकसारखा वाजत होता, टक् टक् टक् टक्. खुर्चीतले ज्ञानूतात्या शांतपणे उठले. त्यांनी खुंटीवरची घोंगडी खांद्यावर टाकली, कोपऱ्यातली पत्र्याची पेटी उचलली आणि बायकोचा हात धरला.

"चंद्रे, पाणी आलं. ऊठ."

भर दुपारी दोघं घराबाहेर पडली आणि वस्तीच्या रस्त्याला लागली.

लियाकतने भोरच्या एसटी स्टँडमागे वीस वर्षं रेडिओ दुरुस्त केले, मग टीव्ही, आणि दुनिया बदलली म्हणून गेली चार वर्षं कॉम्प्युटर. शिकला कुठे, तर कुठेच नाही. उघडायचं, वास घ्यायचा, एकेक भाग काढून बघायचा, हेच त्याचं शास्त्र. गेम मधेच बंद पडतो ही तक्रार त्याच्याकडे आठवड्यातून चारदा यायची. पोरांना अभ्यासावरून झापत तो ती दूरही करायचा. पण सत्तरीच्या म्हाताऱ्याचा गेम बंद पडतो म्हणून उत्रोलीजवळच्या या पुनर्वसनाच्या वस्तीवर त्याला आज पहिल्यांदाच बोलावणं आलं होतं.

अर्ध्या तासाने चंद्राबाई तात्यांना घेऊन परत आल्या. पाण्याचं तात्या तोवर विसरले होते. त्यांना ओट्यावर बसवून त्या आत आल्या.

"ह्यो गेम आमच्या इंद्रजितनं केलाय," त्या म्हणाल्या. "बंगलोरला असतो त्यो. बंदुकीचा खेळ हुता म्हणं. त्यातली माणसं, बंदुका समदं काढून आपलं चिंचखोरं बसवलंय. गाव धरणात जायच्या आदी फोटू काढलं हुतं त्यानं. मालकांचं डोकं ठिकाणावर ऱ्हाईना झालं, तवा म्हनला, आई, तात्यांना गावातनं फिरू दे."

"मग फिरतात की."

"फिरत्यात. देवळावरनं, पाराला वळून घरापातूर जात्यात. उंबऱ्यात पाय टाकला की पाणी येतं. दिसातनं तीनदा. परवा म्या विहिरीवर हुते, तर हे पेटी घेऊन पार कापूरहोळच्या रस्त्याला. ट्रकवाल्यानं ब्रेक दाबला म्हणून माजं कुकू ऱ्हायलं." त्यांनी पदर तोंडाला लावला. "लियाकतभाई, तेवडं पाणी येऊ देऊ नका."

"काकू, मग लावूच नका ना कॉम्प्युटर."

"न लावून बगितलं. भिताडं चाचपत दार हुडकत बसत्यात. नखं फुटली त्यांची."

लियाकतने कॉम्प्युटर पुन्हा चालू केला आणि दोष कुठे येतो ते बघायला स्वतःच गावात शिरला. चिंचखोऱ्यात तो पूर्वी एकदा गेला होता, चावडीतला रेडिओ दुरुस्त करायला. चावडी होती तशीच होती. देवळाच्या पायरीवरचा तुटका दगड होता, पारावर वाळत घातलेलं धोतर होतं. माणूस मात्र एक नव्हता, कुत्रं नव्हतं, आणि धोतर हलत नव्हतं. इंद्रजितने बंदुका काढल्या होत्या, पण शिपायाच्या बुटांचा आवाज राहून गेला होता. जन्मभर अनवाणी चाललेला म्हातारा या गल्लीतून रोज बूट वाजवत फिरत होता. गेममध्ये मागे वळून बघायची सोय होती. लियाकतला का कोण जाणे, ती वापरावीशी वाटली नाही.

दाराशी पोचताच पडदा निळा झाला. लियाकतने घाईने ओट्याकडे पाहिलं. तात्यांना डुलकी लागली होती, म्हणून बरं.

त्याने घरातल्या फोनवरून इंद्रजितला गाठलं.

"दाराचा फोटो फार मोठा ठेवलाय, चाचा," इंद्रजित म्हणाला. "तात्यांनी स्वतः बसवलेली कडी नीट दिसावी म्हणून. तिथेच मशीनवर ताण येत असणार."

"आणि आत काय ठेवलंय?"

"आत काही नाही. चार पांढऱ्या भिंती. आतले फोटो राहिलेच. त्याआधी पाणी आलं."

लियाकतने कॉम्प्युटरचं कॅबिनेट उघडलं. आत रॅमच्या दोन पट्ट्या होत्या. गेमला चालता चालता जे हाताशी लागतं ते या पट्ट्यांवर राहतं, त्यामुळे पट्टी खराब असली तर नेमकी जड सामानाच्या वेळी दगा देते. त्याने एकेक काढून पाहिली. दुसरीने दाराशी मान टाकली. शाळेच्या खोडरबराने तिचे पिवळे दात घासले, तरी तेच. मग तिच्या जागी पिशवीतली चांगली पट्टी बसवली. पडद्यावर चित्र उमटवणाऱ्या ग्राफिक कार्डाचा ड्रायव्हरही चुकीचा होता. ड्रायव्हर म्हणजे कार्डाला काम समजावून सांगणारा मुकादम, आणि हा मुकादम दुसऱ्याच कार्डाचा होता. तो काढून त्याने सीडीवरून योग्य तो घातला. खराब पट्टी कागदात गुंडाळून खिशात टाकली. भंगार फेकवत नाही ही त्याची रेडिओच्या काळापासूनची खोड होती आणि त्यावरून अन्वरी, त्याची बायको, रोज त्याचा उद्धार करायची.

ऊन उतरताना तात्या खुर्चीत बसले. कासरा धरावा तसा त्यांनी माऊस धरला. देऊळ गेलं, पार गेला, दार आलं.

पाणी आलं नाही. तात्या घरात गेले.

पडदाभर पांढरं होतं. त्या पांढऱ्याकडे बघत तात्यांनी डोक्यावरचं मुंडासं उतरवून मांडीवर ठेवलं.

"आये, म्या आलो," ते म्हणाले. मग थोडं थांबून, कुणाचं तरी ऐकून हसले. "व्हय, व्हय. हात धुतो की."

लियाकत खुर्चीपासून मागे सरला. तात्यांची आई अंबूबाई जाऊन चाळीस वर्षं झाली, असं चंद्राबाई दुपारीच म्हणाल्या होत्या. चंद्राबाई मात्र आनंदाने रडत होत्या. "पोचले एकदाचे," त्या म्हणत होत्या.

सहाव्या दिवशी सकाळी चंद्राबाई दुकानात आल्या. पहिल्या एसटीने आल्या असाव्यात. बसा म्हटलं तरी बसेनात.

"पाणी परत आणा, लियाकतभाई."

"काय झालं, काकू?"

"उठतच न्हाईत. त्या पांढऱ्याकडं बगत आईसंगं, भावासंगं बोलत बसत्यात. भाकर न्हेली तर म्हणत्यात, जेवलो आत्ताच. काल म्हनले, कोण गं बाई तू, आमच्या घरात कशी शिरलीस? म्या म्हनलं, चंद्रा. तर हसले. म्हनले, आमचं लगीन व्हायचंय अजून."

आपलं काम चोख झालं याचा इतका राग लियाकतला आयुष्यात कधी आला नव्हता.

"पाणी आलं की माजं नाव घ्यायचे," चंद्राबाई म्हणाल्या. "हात धरायचे. पेटी आन् म्या, एवडंच न्ह्यायचे संगं."

"पण काकू, ते रस्त्याला लागतील. ट्रक—"

"लागू द्या. आता विहिरीला जात न्हाई म्या, पाणी शेजारची सगुणा देती. म्या असते की संगं."

लियाकतने ड्रॉवरमधून कागदात गुंडाळलेली पट्टी काढली आणि दुकानाचं शटर ओढलं.

वस्तीवर तात्या पांढऱ्यासमोरच होते. सहा दिवसांत गालफडं बसली होती. लियाकतने मशीन बंद केलं तेव्हा त्यांनी अंधाऱ्या पडद्यावर दोन्ही हात ठेवले आणि चाचपायला लागले. त्याने घाई केली. चांगली पट्टी काढली, खराब बसवली आणि चुकीचा मुकादम पुन्हा कामावर घेतला. बिघडवायचं काम तो पहिल्यांदाच करत होता, आणि हात दुरुस्तीच्या वेळेसारखेच जपून चालत होते.

तात्या देवळावरून निघाले. चंद्राबाईंनी केस नीट केले, पायात वहाणा घातल्या, पेटीत भाकरीचं फडकं ठेवलं आणि पेटी खुर्चीजवळ आणून त्या जमिनीवर बसून राहिल्या. पार गेला. दाराची कडी मोठी मोठी होत आली.

टक् टक् टक् टक्.

खोलीभर निळा उजेड पसरला. तात्यांनी खाली पाहिलं.

"चंद्रे, पाणी आलं. ऊठ."

"उठते," चंद्राबाई म्हणाल्या आणि हात पुढे केला.

दोघं गेली. लियाकतने सामान आवरलं. आवाज वाजतच होता, पण बटण दाबायला त्याचा हात धजेना. पिशवी खांद्याला अडकवून तो दाराकडे वळला. निळा उजेड फरशीवरून थेट उंबऱ्यापर्यंत आला होता.

बाहेर ऊन लागलं तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, की पँट त्याने दोन्ही हातांनी गुडघ्यापर्यंत वर धरली आहे.