गाडीखालचा पुठ्ठा

मित्रांनो, नाक मुरडू नका! मी एक जुना पुठ्ठा आहे, माझ्या अंगावर तेलाचे डाग आहेत आणि माझी जागा गाडीच्या पोटाखाली आहे, हे सगळं खरं. पण ज्या घरात मी राहतो, तिथे मला रद्दी म्हणायची कुणाची टाप नाही.

माझा जन्म कारखान्यातला. तेव्हा मी चांगला उंचापुरा, ऐटबाज खोका होतो आणि माझ्या छातीवर मोठा लाल बाण छापलेला होता. एक वॉशिंग मशीन मी दूरच्या प्रवासातून साधा ओरखडाही न येऊ देता घरी पोचवलं. मशीन आत गेलं, सगळे त्याच्याभोवती जमले आणि मला जिन्याखाली ढकललं. गरज सरो, वैद्य मरो! तिथे मी कितीतरी दिवस धूळ खात पडलो होतो.

मला बाहेर काढलं नर्सबाईंनी. त्या घरोघरी जाऊन आजारी माणसांच्या जखमा धुतात, मलमपट्टी करतात. त्यांच्या जुन्या गाडीखाली रोज तेल सांडू लागलं होतं, आणि इंजिन सुरू केलं की त्याचा पट्टा असा किंचाळायचा की कुंपणावरची मांजर पळून जायची. पट्टा नवा घालून झाला होता, पण थोड्याच दिवसांत तोही किंचाळू लागला. शेवटी नर्सबाईंनी मला कापून आडवं केलं, बाण गाडीच्या तोंडाकडे ठेवला आणि मला इंजिनाखाली सरकवलं.

"आता तूच सांग बाबा, कुठून गळतंय ते," त्या म्हणाल्या. इतक्या विश्वासानं मला आजवर कुणी काही विचारलं नव्हतं.

त्यांच्या काळजीला कारण होतं. डोंगरावर एक आजोबा एकटेच राहत. त्यांच्या पायाची जखम चिघळली होती. ती दिवसाआड धुतली नाही तर पाय कापावा लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तिथवर बस जात नव्हती. आणि चढावर पट्टा तुटला असता तर इंजिनातलं पाणी फिरायचं थांबून गाडी तापून बसली असती.

मी लगेच कामाला लागलो. शनिवारी सकाळी इंजिन सुरू असताना, पट्ट्याच्या बाजूला माझ्यावर तेलाचा एक डाग पडला आणि त्याच्याशेजारी बारीक शिंतोड्यांची रेघ उमटली. नर्सबाई मात्र घाईत होत्या. त्या तशाच गाडी घेऊन निघून गेल्या.

मग केरसुणी घेऊन नणंदबाई आल्या. या नर्सबाईंच्या थोरल्या नणंद, आणि धूळ म्हणजे त्यांची जन्माची वैरीण. त्यांनी मला उचललं, खालची फरशी लख्ख झाडली आणि मला परत ठेवलं, पण उलट्या दिशेनं! बाण आता गाडीच्या मागच्या टोकाकडे बघत होता, आणि पट्ट्याकडचा डाग दुसऱ्या बाजूला गेला होता. मी आतल्या आत आक्रोश केला. पण पुठ्ठ्याला कुठली आली वाचा?

संध्याकाळी गाडी आत घेण्याआधी नर्सबाईंनी मला पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. डाग गिअरबॉक्सच्या बाजूला दिसत होता. त्यांनी मेकॅनिकला फोन लावला.

"ताई, त्या बाजूनं गळत असेल तर गिअरबॉक्स उतरवावा लागेल," तो म्हणाला. "उद्या दुपारी येऊन गाडी नेतो. आठवडाभर तरी गाडी विसरा."

"आठवडाभर? मग आजोबांनी काय करायचं?"



रविवारी सकाळी नर्सबाई टॉर्च घेऊन माझ्याशेजारी फरशीवर आडव्या झाल्या.

"अगं, तो येणार आहे ना दुपारी? मग कशाला उगाच हात काळे करतेस?" नणंदबाई दारातून म्हणाल्या.

"येऊ दे की. तोवर मी बघणार. ताई, हे शिंतोडे बघा. काहीतरी गरगर फिरल्याशिवाय असे उडत नाहीत. या बाजूला उघड्यावर फिरणारं काहीच नाही. पट्टा फिरतो, पण तो तर पलीकडे आहे!"

तेवढ्यात टॉर्चचा उजेड माझ्या छातीवर पडला. नर्सबाई उलट्या बाणाकडे बघतच राहिल्या.

"ताई, तुम्ही हा पुठ्ठा हलवला होता?"

"हलवला कुठे? झाडून घेतलं," नणंदबाई ठसक्यात म्हणाल्या.

नर्सबाई खळखळून हसल्या. आनंदानं मी आडवा असूनही ताठ झालो! मग त्यांनी वाकून इंजिन फडक्यानं स्वच्छ पुसलं आणि त्यावर अंगाला लावायची पावडर भुरभुरली.

"माझी नवी डबी!" नणंदबाई ओरडल्या. "गाडी काय लग्नाला निघालीय?"

इंजिन थोडा वेळ चालवून बंद केलं. पांढऱ्या पावडरीत एक काळा ओघळ स्पष्ट दिसत होता. वरच्या झाकणाचं रबरी पॅकिंग कडक झालं होतं, आणि तिथून पाझरणारं तेल थेट पट्ट्यावर उतरत होतं. तेल पिऊन पट्टा फुगला होता, त्याच्या कडेचे धागे सुटले होते.

"आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी!" नर्सबाई म्हणाल्या. "गळतंय झाकण, आणि मी पट्टे बदलत बसले."

"तेल लागलं की पट्टा घसरणारच. माझं शिलाई मशीन तरी वेगळं काय करतं?"

"मग आधी का नाही बोललात?"

"मला कुणी विचारलं?"

दुपारी मेकॅनिकनं तो ओघळ पाहिला आणि तो हसत सामान आणायला गेला. आधी पॅकिंग बदललं, मग पट्टा. सोमवारी सकाळी गाडी न किंचाळता सुरू झाली आणि डोंगराकडे निघाली. माझ्यावर एक थेंबही नवा पडला नव्हता.

पुढे बऱ्याच दिवसांनी नर्सबाई गाडीतून उतरता उतरताच म्हणाल्या, "ताई, आज आजोबा दारापर्यंत चालत आले!"

"काठी घेऊन?"

"काठी घेऊन. पण दोन्ही पायांवर."

 नणंदबाईंनी केरसुणी घेतली, माझ्या चारही बाजूंची फरशी झाडली आणि मला बोटही लावलं नाही.

मित्रांनो, डाग दिसला की तो पुसून मोकळे होऊ नका. तो आला कुठून, ते आधी वाकून, वर बघून शोधा. घरातली एखादी वस्तू किंचाळू लागली तर कटकट म्हणून तिच्यावर चिडू नका, तिचं काहीतरी दुखत असतं. तिची वेळेवर काळजी घ्या. कारण तिच्या भरवशावर कुणीतरी दूर कुठेतरी, दुखरा पाय पुढे करून, वाट बघत बसलेलं असतं.