चाल त्याची आहे

मी एक शिपाई बोलतोय. घाबरू नका, बंदूकवाला नाही. मोबाइलमधल्या लढाईच्या खेळातला, बोटाच्या पेराएवढा.

माझा जन्म हर्षाबाईंच्या फोनात झाला. अहेरीच्या पलीकडं, जंगलातल्या एका उपकेंद्रात त्या नर्स आहेत. समोरची फौज त्यांच्या धाकट्या भावाची, अश्वजितची. तो माजरीला कोळसा खाणीत कामाला आहे.

आधी ही भावंडं धावपळीचा खेळ खेळत. त्यात दोन्ही फौजा एकाच वेळी पळतात. इथं रेंज फक्त उपकेंद्रामागच्या टेकडीवर, तीही आली तर. ती गेली की बाईंची फौज उभ्याउभ्या कापली जायची. मध्येच एखादं बाळंतपण आलं तरी तेच.

"ताई, खेळून राह्यली का झोपून राह्यली?" अश्वजित नंतर फोन करून हसायचा.

मग त्यानंच आमचा खेळ शोधला. एकानं चाल करायची, दुसऱ्यानं तीन दिवसांत सवडीनं उत्तर द्यायचं. अंगठा किती चपळ याला इथं किंमत नाही, डोकं चालवावं लागतं. तो शिफ्ट संपवून चाल करी, बाई टेकडी चढून. मेलो तरी कुणी विचार करून मारेल, एवढं मला समाधान होतं.

पुढं त्यांची आई गेली. तिच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला अश्वजित ड्यूटीमुळं उशिरा पोचला आणि बाई त्याला चारचौघांत नको ते बोलल्या. बोलणं बंद झालं, खेळ तेवढा चालू राहिला. चाल आली की बाई समजायच्या, भाऊ खाणीतून सुखरूप वर आला.

आता मी त्याच्या राजाच्या दारात उभा आहे आणि समोरून चालच येत नाही. मुदत संपली तर बाई जिंकतील आणि खेळ मिटेल. त्यांना जिंकायचं नाही. म्हणून मुदत संपत आली की त्या टेकडीवर येतात आणि ‘वेळ वाढवा’ दाबतात.

काल आशा कार्यकर्ती गुणाबाई सोबत होत्या. "बाई, फोन लावून पाहा ना त्याले."

"मी लावला होता मागं, भांडण झाल्यावर. त्यानं उचलला नाई. आता चाल त्याची हाय."

मला फार वाईट वाटलं. अहो बाई, थांबून राहायची सोय आमच्या खेळात आहे, खाणीत नाही. आपली चाल नसली तरी लावा फोन. पण शिपायाचं कोण ऐकतं?

आज त्या पुन्हा आल्या आहेत. रेंज चांगली आहे. त्यांनी अश्वजितचा नंबर काढला, त्याच्याकडं बराच वेळ पाहिलं. मग माझ्याकडं परत आल्या आणि ‘वेळ वाढवा’ दाबलं.